हवामानाचा इशारा मेंढवाड्यापर्यंत पोचेना

नागभीड : धानाची कापणी-मळणी आटोपली, की नागभीड, सिंदेवाही आणि ब्रह्मपुरी तालुक्यांतील मोकळ्या बांध्यांत मेंढ्यांचे कळप उतरू लागतात. कळपापुढे काठी घेतलेला मेंढपाळ, मागे संसाराचे ओझे घेतलेले कुटुंब आणि सोबतीला दोन-चार कुत्री असा हा काफिला एका शिवारात काही रात्री मुक्काम करून पुढच्या शिवाराकडे वळतो. ज्या शेतात मेंढ्या रात्री बसविल्या जातात त्या शेताला लेंडीखत मिळते आणि त्याचा मोबदला शेतकरी धान्याच्या अथवा रोखीच्या रूपाने देतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या व्यवहाराचे गणित पाऊस केव्हा आला, किती आला आणि केव्हा थांबला यावर उभे आहे. अलीकडच्या वर्षांत हे गणित चुकू लागले आहे. ते चुकणार असल्याची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा देशात आहे. मात्र तिची सूचना शेतकऱ्याच्या घरापर्यंत जाते आणि फिरत्या मेंढवाड्यावर पोचत नाही.

परदेशांतील परिस्थिती या बाबतीत थोडी वेगळी दिसते. मंगोलियाचे गवताळ प्रदेश, आफ्रिकेतील सहेलचा पट्टा, केनिया आणि सोमालियाचे शुष्क भाग येथे हवामान बदलाचा फटका बसलेल्या भटक्या पशुपालकांची वृत्ते देण्यासाठी आंतरराष्ट्रीय रेडिओ वाहिन्यांचे पत्रकार ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन महिनोन्‌महिने फिरले आहेत. वाऱ्याचा आवाज, जनावरांच्या घंटा आणि पशुपालकाचे स्वतःच्या भाषेतील बोलणे घराघरांत ऐकू गेल्यामुळे तेथील संकट हजारो मैलांवरील श्रोत्यांनाही परिचयाचे झाले. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलकाठाने फिरणाऱ्या मेंढपाळाचा आवाज मात्र मराठी श्रोत्यांना क्वचितच ऐकू आला आहे. याला पत्रकारांची अनास्था काही प्रमाणात कारणीभूत असली, तरी त्याहून मोठे कारण कायद्यात आहे. त्याचा विचार पुढे येईल.

कुरमारांची ओळख

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मेंढ्या पाळणारा प्रमुख समाज कुरमार होय. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात 'कुरमवार' या नावाने त्यांची नोंद आढळते. दक्षिणेतील कुरुब मेंढपाळांशी त्यांचे नाते जोडून, मध्य प्रांतात हा समाज तेव्हाच्या चांदा जिल्ह्यापुरताच असून १९११ च्या जनगणनेत त्याची संख्या सुमारे चार हजार होती, असे तेथे म्हटले आहे. कुरमारांची घरातील बोली द्राविडी कुळातील असून कन्नडशी नाते सांगते; बाजारात आणि शेतकऱ्याशी व्यवहार मात्र झाडीबोलीत चालतो. मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणे हा त्यांचा जुना जोडधंदा. शासनाच्या यादीत धनगरांच्या पोटजातींमध्ये 'कुरमार' आणि 'झाडे' ही दोन्ही नावे भटक्या जमाती (क) या प्रवर्गात समाविष्ट आहेत. यांतील 'झाडे' हे नाव थेट झाडीपट्टीची आठवण करून देते.

कुरमारांखेरीज या पट्ट्यात गोवारी आणि गोलकर समाज गुरे राखण्याच्या कामाशी परंपरेने जोडलेले आहेत. गावची जनावरे सकाळी आखरावर गोळा करून रानात नेणारा गायकी हा झाडीपट्टीतील ग्रामव्यवस्थेचा अविभाज्य घटक होता. अनेक गावांत तो अजूनही आहे. त्याने राखलेल्या जनावरांपैकी काठाणी गाय ही चंद्रपूर, गडचिरोली व गोंदिया भागातील मूळ जात. गडचिरोली जिल्ह्यातील काठाणी नदीचे नाव तिला मिळाले. आकाराने लहान, दूध थोडे, पण जंगलातील चाऱ्यावर निभावणारी आणि धानाच्या चिखलात न थकता नांगर ओढणारी अशी तिची ख्याती आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने पशुधनाच्या ज्या दहा नव्या जातींची नोंदणी २०२३ च्या सुरुवातीस जाहीर केली, त्यांत काठाणीचा समावेश होता. जनावराला अशी राष्ट्रीय मान्यता मिळाली. ते राखणाऱ्याच्या वाट्याला तशी दखल अद्याप आलेली नाही.

याशिवाय कच्छ-सौराष्ट्रातून निघालेले रबारी व भरवाड पशुपालक विदर्भात पिढ्यांपासून वावरत आहेत. लोक त्यांना सरसकट 'काठेवाडी' म्हणतात. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात ५८ उंटांचा कळप पोलिसांनी ताब्यात घेतला तेव्हा या लोकांविषयी बऱ्याच दिवसांनी बातम्या झळकल्या. उंट कत्तलीसाठी नेले जात असल्याची तक्रार होती. पशुपालकांचे म्हणणे ते आपल्या नेहमीच्या वाटेने चालले होते, असे होते. भटका पशुपालक वृत्तपत्रांत येतो तो बहुधा अशाच प्रसंगी.

झाडीपट्टीतील वर्षचक्र

नागभीडचा परिसर हा तलाव आणि धानाचा मुलूख आहे. वार्षिक पर्जन्यमान सर्वसाधारणपणे बाराशे मिलिमीटरहून अधिक असते. एचएमटी या प्रसिद्ध धान वाणाचे जनक दादाजी खोब्रागडे (निधन जून २०१८) याच तालुक्यातील नांदेड गावचे. ब्रिटिश काळात बांधलेला घोडाझरी तलाव आणि गावोगावचे माजी मालगुजारी तलाव ही या भागाची संपत्ती आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पट्ट्यात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

ज्या पावसावर धान पिकते तोच पाऊस मेंढीला मात्र जड जातो. जून ते ऑक्टोबर या काळात सारे शिवार पाण्याखाली असते आणि मेंढ्यांना उंचवट्याची पडीक जमीन, रस्त्याच्या कडा व जंगलाची कड एवढीच जागा उरते. पश्चिम महाराष्ट्रातील मेंढपाळ पावसाळ्यात आपल्या दुष्काळी माळावर परततो, कारण तेथे तेव्हा गवत असते. झाडीपट्टीतील मेंढपाळाचे उलट आहे. त्याचा चाऱ्याचा हंगाम पावसानंतर सुरू होतो. कापणीनंतर उघड्या पडलेल्या बांध्यांतील धसकटे, बांधावरचे गवत आणि शेंगवर्गीय पिकांचा पाला यांवर कळप जगतो. त्यातही अडचण असते. अनेक शेतकरी उभ्या धानातच लाखोळी अथवा जवस टाकतात. उतेरा म्हणून ओळखली जाणारी ही पिके धान कापल्यावर ओलाव्यावर वाढतात आणि अशा बांधीत मेंढी शिरली तर भांडण ठरलेले. ऑक्टोबरात पाऊस लांबला तर कापणी लांबते, ओलावा अधिक राहिल्याने उतेरा अधिक क्षेत्रावर टिकतो आणि मेंढ्यांसाठी मोकळे शिवार उशिरा व कमी मिळते. हा आठ-पंधरा दिवसांचा फरक शेतीच्या अहवालात नोंदला जात नाही. मेंढपाळाला मात्र त्या दिवसांत चारा विकत घ्यावा लागतो किंवा काही मेंढ्या विकाव्या लागतात.

पावसाने वागणूक कशी बदलली याचा एक महत्त्वाचा पुरावा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधनातून पुढे आला. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. याच काळात मोसमी पावसाचे एकूण प्रमाण मात्र घटण्याकडे कल दाखवीत होते. पावसाचे दिवस विरळ आणि पडतो तेव्हा धो धो, असा याचा सोपा अर्थ.

मेंढीवर होणारा परिणाम

मेंढी हा मूळचा कोरड्या हवेतील प्राणी. लोकर पूर्ण भिजली आणि त्यावर गार वारा सुटला तर तिच्या शरीरातील उष्णता झपाट्याने जाते. नुकतीच लोकर कातरलेली असेल, पोटात गर्भ असेल किंवा करडू काही दिवसांचे असेल, तर एका रात्रीत जीव जातो. १ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी अरबी समुद्रातील कमी दाबाच्या पट्ट्यामुळे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत थंड वाऱ्यासह अवकाळी पाऊस झाला. तेव्हा जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर या तालुक्यांत उघड्यावर बसलेल्या मेंढ्या शेकड्यांनी दगावल्या. पावसाची शक्यता हवामान विभागाने वर्तविलेली होती. तो इशारा कांदा आणि द्राक्षाच्या बागायतदारापर्यंत पोचला; शेतात वाडा टाकून बसलेल्या कुटुंबाला तो कळला असता तर निदान करडांसाठी आडोसा शोधता आला असता. त्याआधी फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने मराठवाडा व विदर्भात पिकांबरोबर जनावरांचीही मोठी हानी केली होती.

नागभीडच्या बाजूला धोक्याचे स्वरूप अधिक संथ असते. येथे थंडीपेक्षा ओल मारते. जमीन दीर्घकाळ ओली राहिल्यास खुरांच्या बेचक्यात कूज होते आणि चालण्यावरच पोट असलेली मेंढी लंगडू लागते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात चिलटांसारख्या बारीक कीटकांमुळे नीलजिव्हा हा रोग पसरतो. तोंड व जीभ सुजून जनावर चारा सोडते. धानाच्या पट्ट्याचे खास दुखणे म्हणजे यकृतातील चपटे कृमी. या कृमींची वाढ पाणथळ जागेतील गोगलगायीच्या शरीरात होते आणि तेथून त्यांचे बीज काठावरच्या गवताला चिकटते. तलाव आटू लागला की काठावर हिरवे गवत उगवते, भुकेली मेंढी तेथेच धावते आणि रोग पोटात घेऊन येते. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर हा धोक्याचा काळही वाढतो. जंतनाशक केव्हा पाजावे हे त्यामुळे दिनदर्शिकेवर ठरवून चालत नाही, त्या वर्षीचा पाऊस पाहून ठरवावे लागते.

उन्हाळा वेगळा. नागभीडच्या शेजारील ब्रह्मपुरी हे हवामान विभागाच्या नोंदींतील देशातल्या अतिउष्ण केंद्रांपैकी एक असून तेथील पारा ४७ अंशांपुढे गेल्याच्या नोंदी आहेत. अशा दिवसांत कळप पहाटे आणि संध्याकाळी चालवावा लागतो. नेमक्या याच वेळा वाघाच्या वावराच्या आहेत. घोडाझरी परिसरातील सुमारे १५९ चौरस किलोमीटर वनक्षेत्र २०१८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. ब्रह्मपुरी वन विभागात वाघांची संख्या लक्षणीय आहे आणि माणसांवरील हल्लेही वारंवार होतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ऊन टाळावे तर वाघ आणि वाघ टाळावा तर ऊन, अशा कोंडीत गुराखी आणि मेंढपाळ दोघेही सापडले आहेत.

इशारा आहे, पण कोणासाठी?

हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी हवामान सेवेअंतर्गत आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, जिल्हावार कृषी सल्ला प्रसिद्ध होतो. पुढील पाच दिवसांच्या पावसाचा अंदाज, त्यानुसार पिकांची काळजी आणि शेवटी पशुधनाविषयी काही ओळी असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. या ओळी गोठा गृहीत धरून लिहिलेल्या असतात. जनावरे गोठ्यात बांधा, गोठ्याला पोती लावा, पिण्यास स्वच्छ पाणी ठेवा, हा सल्ला गोठा असलेल्यास उपयुक्त आहे. आज या शिवारात आणि परवा पलीकडच्या तालुक्यात असलेल्या माणसाला त्यातील काय करता येईल, याचा विचार त्यात दिसत नाही. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये उभारलेली देशातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आल्याने तालुक्याच्या पातळीवर सल्ला देण्याची व्यवस्थाही तेव्हा क्षीण झाली.

विजेच्या बाबतीत पुण्याच्या संस्थेने 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप तयार केले असून २० ते ४० किलोमीटरच्या परिघातील वीज कोसळण्याची सूचना त्यावर मिळते. विजेचा सर्वाधिक धोका मोकळ्या रानात जनावरांमागे उभ्या असलेल्या माणसाला असतो. म्हणजे ही सूचना खरे तर त्याच्यासाठीच आहे. मात्र त्यासाठी स्मार्टफोन, भरलेली बॅटरी आणि जंगलात नेटवर्क अशा तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात.

याउलट, दोन सेलवर महिनाभर चालणारा आणि काठीला अडकवून नेता येणारा रेडिओ हे फिरत्या माणसाचे स्वाभाविक माध्यम होय. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पुढे चंद्रपूरलाही केंद्र आले. शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आकाशवाणीवर अनेक दशकांपासून आहेत आणि २००४ पासून 'किसान वाणी'ची त्यात भर पडली. धानावरील कीड, खताची मात्रा, बाजारभाव यांची माहिती या कार्यक्रमांनी गावोगाव नेली, हे मान्यच करावे लागेल.

बातमी देण्यास मनाई

आता कायद्याचा मुद्दा. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. त्यानंतर खासगी एफएम वाहिन्या आल्या, २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. परंतु रेडिओवरून स्वतःच्या बातम्या देण्याचा अधिकार आकाशवाणीकडेच राहिला. खासगी वाहिन्यांना २०११ च्या धोरणानुसार आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी प्रसारित करता येतात. हवामान, वाहतूक, नैसर्गिक आपत्तीची सूचना यांसारखी माहिती 'बातमी' न मानता देता येते. सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वृत्त व चालू घडामोडींना मज्जावच होता. पुढे त्यांनाही आकाशवाणीच्याच बातम्या फेरबदल न करता लावण्याची परवानगी मिळाली. याचा अर्थ असा, की मेंढ्या दगावल्या तर 'पाऊस येणार आहे' एवढे गावचा रेडिओ सांगू शकतो. 'काल अमुक शिवारात इतक्या मेंढ्या दगावल्या आणि पंचनामा झाला नाही' हे त्याला सांगता येत नाही. वृत्तपत्रांना आणि दूरचित्रवाणीला हे बंधन नाही. मग रेडिओलाच का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजवर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

रेडिओ पत्रकार ही जमात मराठी मुलखात अत्यल्प असण्याचे मूळ येथे आहे. आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील त्याचे अंशकालीन वार्ताहर यांच्यापलीकडे ग्रामीण भागात रेडिओसाठी बातमी गोळा करणारा माणूसच नाही. एका वार्ताहराने चंद्रपूरसारखा विस्तीर्ण जिल्हा सांभाळायचा, तेव्हा मेंढवाड्यावर मुक्काम करून ध्वनिमुद्रण करणे ही चैन ठरते.

बंधने असूनही काय साधता येते याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आहे. म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये 'माणदेशी तरंग' हा सामुदायिक रेडिओ सुरू केला. हा भाग मेंढपाळांचा आणि कायम दुष्काळी. २०१२-१३ च्या दुष्काळात याच संस्थेने म्हसवडला मोठी चारा छावणी चालविली. स्थानिक बोलीत बोलणारी, स्थानिक माणसांनाच बोलते करणारी वाहिनी पशुपालकांच्या पट्ट्यात तग धरू शकते, हे तेथे दिसले.

मंगोलियाकडे पाहताना

मंगोलियाचे उदाहरण वारंवार दिले जाते ते तेथील 'झुड'मुळे. उन्हाळी अवर्षणानंतर येणाऱ्या अतिकडक हिवाळ्याला, ज्यात जनावरे भुकेने व थंडीने मरतात, तेथे झुड म्हणतात. खोल बर्फाखाली गवत गाडले जाते तो पांढरा झुड. बर्फच न पडल्याने पाणी मिळत नाही तो काळा. बर्फ वितळून पुन्हा गोठल्याने वर कठीण कवच धरते तो लोखंडी. तेथील सरासरी तापमान १९४० नंतर दोन अंशांहून अधिक वाढले आहे. २००९-१० च्या झुडात ८० लाखांहून अधिक जनावरे, म्हणजे देशातील पशुधनाचा सुमारे पाचवा हिस्सा, नष्ट झाली. २०२३-२४ च्या हिवाळ्यात पुन्हा ७० लाखांहून अधिक जनावरे गेली. आफ्रिकेच्या शिंगात २०२० ते २०२२ या काळात पावसाचे सलग पाच हंगाम कोरडे गेले आणि एक कोटीहून अधिक पशुधन मेले.

या देशांकडून घेण्यासारखी एक गोष्ट म्हणजे निर्देशांकावर आधारित पशुविमा. मंगोलियात २००६ पासून आणि उत्तर केनियातील मार्साबिट येथे २०१० पासून तो सुरू झाला. प्रत्येक मृत जनावराचा पंचनामा न करता, मंगोलियात संपूर्ण जिल्ह्यातील जनावरांच्या मृत्यूचे प्रमाण आणि केनियात उपग्रहाने टिपलेली गवताची स्थिती यांवर भरपाई ठरते. पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहत एका जागी थांबणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत सोयीची आहे. आपल्याकडे मृत जनावराचा पुरावा, कानातला बिल्ला आणि पशुवैद्यकाचा दाखला या तिन्हींवाचून भरपाईची फाइल हलत नाही. जंगलकाठावर मेलेली मेंढी सकाळपर्यंत कोल्ह्या-कुत्र्यांनी ठेवलेली नसते.

राज्य शासनाने २०१७ मध्ये राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आणली. मेंढीगट वाटप, खाद्य यांबरोबरच पुढे तीत भटकंती करणाऱ्या कुटुंबांना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी चराई अनुदानाची तरतूद झाली. हे चार महिने टंचाईचे असतात हे शासनाने त्यातून स्वीकारले आहे. झाडीपट्टीत टंचाई नोव्हेंबरपर्यंत लांबते, हे स्वीकारलेले नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ (१) (ड) मध्ये स्थायिक व भटक्या अशा दोन्ही पशुपालकांचा चराईचा आणि हंगामी वापराचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. परंतु कुरमार अनुसूचित जमातींत मोडत नसल्याने त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' या नात्याने तीन पिढ्यांचे म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांचा वाडाच दर चार दिवसांनी हलतो त्यांनी वास्तव्याचा कागद आणायचा कोठून?

देशात भटके पशुपालक किती, याची मोजदादही आजवर नव्हती. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांतील किती गावच्या आणि किती फिरत्या, हे त्यातून कळत नाही. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत प्रथमच पशुपालक समाजांच्या पशुधनाची स्वतंत्र नोंद घेण्याचे ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०२२ मध्ये, मंगोलियाच्या पुढाकाराने आलेला ठराव स्वीकारून, २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. नागभीडच्या बांध्यांत उतरणाऱ्या कळपांची या नव्या गणनेत नेमकी कोणत्या गावाच्या नावावर नोंद झाली, हे अंतिम आकडे तालुकावार प्रसिद्ध झाल्यावर तपासता येईल.